ओझ्याची जोखीम एसीत बसून कशी मोजावी

गोदामात कुणाच्या कमरेत उसण भरली, तर मुळीच गडबडून जाऊ नका. जोखीम मोजायची असते, कमी करायची नसते. गेल्या आठवड्यात माझी कंबर धरली आणि पाठोपाठ मूल्यांकनाची शीट आली, म्हणून अनुभवाने सांगतो.

शीट केबिनमध्येच भरा. गोदामात धूळ फार.

वजनाच्या रकान्यात ‘मध्यम’ लिहा. सिमेंटच्या गोणीवर ‘५० किलो’ छापलेलं असतं, पण छापलेलं वाचायची सवय वाईट. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही सरकारी संस्था २३ किलोपर्यंतच ठीक म्हणते, तेही ओझं अंगालगत, धरायला नीट आणि कंबर न पिळता उचललं तर. जमिनीवरून उचललं, वळून ठेवलं, की आकडा आणखी उतरतो. हे हमालांना कळता कामा नये.

कंबरपट्टे वाटा. स्वस्त पडतात.

४ मार्चला सुरक्षा दिनाचा बिल्ला लावून फोटो काढा.

माथाडी बोर्डाचं नाव काढणाऱ्याला ‘युनियनवाला’ म्हणा, विषय संपतो.

आणि मुख्य म्हणजे दोष उचलणाऱ्याचाच, हे शीटमध्येच बसवून टाका. मला प्रश्न होता, ‘उचलताना गुडघे वाकवले होते का?’ गुडघे वाकवायला जागा तर हवी! दोन थप्प्यांमधून माणूस आडवा होऊन जातो. ट्रक दाराला लागत नाही, कारण तिथे साहेबांची गाडी उभी. म्हणून गोणी अंगणभर वाहायची. ट्रॉलीचं एक चाक दिवाळीपासून निखळलेलं, त्याचं कोटेशन ‘वर’ गेलंय. लिफ्टवर पाटी, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. म्हणजे मी चालतो, खांद्यावरची गोणी चालत नाही! आणि चारच्या आत गाडी रिकामी पाहिजे. यातलं शीटवर काय आहे? माझे गुडघे.

पुरे झाली थट्टा. इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ ला लिहिलेलं होतं. ते कारखान्यांसाठी म्हणता? मग गोदामातल्या माणसाचा मणका काय लोखंडाचा असतो? लाज वाटू द्या जरा. जो रोज उचलतो त्याला एकदा तरी विचारलंत, कुठे अडतं, काय जड जातं? पोस्टर छापायला पैसे आहेत, चाकाला नाहीत. सही पाहिजे ना माझी? चाक बसवा, गाडी दारातून काढा. तोवर शीट कोरीच राहील.