रीडमीत नाव लिहिणे हे योगदान नव्हे

माझी भाची संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणारा एक संदेश दाखवून तिने मला विचारले, "मामा, आज रात्रीच करून टाकू का?" संदेश असा होता: कोणत्याही मोठ्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, आपले नाव जोडून पुल रिक्वेस्ट (हा बदल स्वीकारावा अशी विनंती) पाठवा, म्हणजे पाच मिनिटांत पहिले योगदान होते, अशा चार रिक्वेस्ट असल्या की नोकरी पक्की, त्या तपासण्यासाठी मेंटेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, पगार मिळतोच, आणि कोड येत नसेल त्याला याशिवाय दुसरे काही करता येत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. २०२० च्या ऑक्टोबरात ओपन सोर्स योगदानाला प्रोत्साहन देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाने चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट देऊ केला होता. महिना सुरू होताच रीडमीत एखादा निरर्थक शब्द घुसडलेल्या रिक्वेस्टचा असा लोंढा आला की पहिल्या काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग घेतला त्यांच्याकडे पाठवलेल्या रिक्वेस्टच मोजल्या जाऊ लागल्या. तरीही २०२४ च्या सुरुवातीला वेब अ‍ॅप बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स्प्रेस या प्रकल्पावर हेच संकट पुन्हा आले, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओतले प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे तिथे गिरवले. अशी प्रत्येक रिक्वेस्ट कोणाला तरी उघडून, वाचून बंद करावी लागते, आणि तेवढा वेळ खऱ्या चुका दुरुस्त करण्यातून जातो. पाठवणाऱ्याच्या नावापुढे मात्र ती नाकारलेली रिक्वेस्ट सर्वांना दिसेल अशी राहते.

या पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. नाव जोडण्याचा सराव करण्यासाठीच 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' नावाची रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) आहे. फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत), ब्रँच (बदलासाठी वेगळी शाखा), कमिट (बदलाची नोंद) हा क्रम तिथे खुशाल गिरवावा. रीडमीतली खरी चूक सुधारणे हेही योगदानच आहे.

मेंटेनर पगारी असतात हे सरसकट खरे नाही. असंख्य लिनक्स यंत्रणांत वापरली जाणारी एक्सझेड ही संक्षेपण (फाइल लहान करणारी) प्रणाली सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांनी २०२२ मध्ये स्पष्ट लिहिले होते की हे आपले बिनपगारी, हौसेचे काम आहे.

नोकरीबद्दल इतकेच म्हणेन की मुलाखत घेणारा त्या रिक्वेस्ट उघडून पाहू शकतो.

कोड येत नसेल तर काहीच करता येत नाही, हे तर मराठी वाचकाला पटूच नये. फायरफॉक्स मराठीत वापरता येतो तो भाषांतर करणाऱ्यांमुळे, आणि ते काम पाँटून या संकेतस्थळावर चालते. कोड लिहायचाच असेल तर 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमण्यासारखे) अशी खूण असलेला इश्यू, म्हणजे नोंदवलेली चूक किंवा काम, निवडावा, योगदानाचे नियम सांगणारी प्रकल्पाची कॉन्ट्रिब्युटिंग फाइल वाचावी, त्यात नोंदवलेली चूक आपल्या संगणकावर घडते का ते पाहावे आणि मगच त्या इश्यूखाली लिहावे.

भाचीने ती रिक्वेस्ट पाठवली नाही. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी ती जी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरते, तिच्या माहितीपत्रातली एक आज्ञा विंडोजवर चालत नाही, हे तिच्या लक्षात आले होते. आता ती नेमके तेवढेच लिहून पाठवण्याच्या तयारीत आहे.