निम्म्या लोकांच्या जबड्यात सिस्ट? हिशेब चुकलाय

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर, रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत, एक मेसेज फिरतोय: 'दर दोन माणसांत एकाच्या जबड्यात दातामुळे झालेली सिस्ट असते. ती दुखत नाही. रूट कॅनलमुळे होते, पुढे तिचा कॅन्सर होतो. अक्कलदाढ आजच काढून टाका.' सिस्ट म्हणजे आत द्रव साठलेली पिशवी. मेसेजमधलं 'दुखत नाही' तेवढं खरं, तेही पू होईपर्यंत.

'निम्मे' कुठून आलं असावं, याचा अंदाज येतो. दातांपासून होणाऱ्या सिस्टमध्ये निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रॅडिक्युलर असतात, म्हणजे नस मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेल्या. त्यांच्याखालोखाल न उगवलेल्या दाताभोवतीची डेंटिजेरस. पण हे प्रमाण सिस्टांमधलं आहे, माणसांमधलं नाही. ज्यांचा तुकडा काढून बायोप्सीला गेला, तेवढेच रुग्ण अशा अभ्यासांत मोजले जातात. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री आलेल्या निम्म्या लोकांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला, म्हणून निम्मं इंदूर रोज कीसच जेवतं असं म्हणाल का? उलटी बाजूही सांगायला हवी: दात उपटताना सोबत निघालेली बारीकशी सिस्ट बरेचदा तपासणीला जातच नाही, ती कुठेच मोजली जात नाही.

एक्स-रेवर मुळाशी काळा डाग दिसला की तीही सिस्टच, हा त्याचाच जोडगैरसमज. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेल्या दातांच्या मुळाशी चिकटलेले 256 नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात सिस्ट जेमतेम 15 टक्के होत्या; निम्मे ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतून झालेल्या भरीव गाठी, बाकीचे पुवाचे.

रूट कॅनलचं तर कार्यकारणच उलटं केलंय. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचते, नस मरते, मुळाशी सूज राहते आणि तिथे उरलेल्या जुन्या पेशी वाढू लागतात. रूट कॅनल हा त्यावरचा इलाज. लहान डाग बरेचदा त्यानेच भरून येतात. अर्धवट केलेल्या रूट कॅनलमध्ये जंतू राहिले तर सूजही राहते, तेवढं कबूल.

कॅन्सर? अशा सिस्टमध्ये तो फार क्वचित होतो. केराटोसिस्ट ही सिस्टचीच एक जात मात्र चिवट, काढल्यावर पुन्हा येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला ट्यूमर म्हटलं होतं, 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. एक्स-रेवर अमेलोब्लास्टोमा हा जबड्याचा ट्यूमरही सिस्टसारखाच दिसू शकतो, म्हणून बायोप्सी. (तोंडाच्या कॅन्सरची एवढीच धास्ती असेल, तर मेसेज पुढे ढकलताना गालात धरलेली तंबाखू-सुपारी आधी थुंका.)

अडकलेल्या बहुतेक अक्कलदाढांभोवती सिस्ट होतच नाही, आणि खालची दाढ काढताना ओठाला संवेदना देणारी नस दुखावू शकते. म्हणून निर्णय ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, बघून, माणसागणिक. तपासायला जावं ते दात काळपट पडला, हिरडीवर वारंवार फोड येतो, जबडा एका बाजूने फुगतोय, किंवा मूल चौदाचं झालं तरी वरचा सुळा आलेला नाही, अशांनी.