खुलासा: ‘हजार ल्युमेन, सरळ समोर’ नको
रेवस-रेडी किनारी रस्त्यावर रात्री सायकल चालवणाऱ्यांत ‘हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) दिवा घ्या, सरळ समोर रोखा’ असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आहे. गोल झोत असा रोखला की निम्मा उजेड वर जातो. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि पावसाच्या झिमझिमीत तोच उजेड उलटून आपल्या तोंडावर येतो. वरून कापलेल्या झोताचा, म्हणजे वरच्या बाजूला उजेड न फेकणारा दिवा घ्या. पण तो हँडलखाली उलटा टांगलात तर सगळं मुसळ केरात!

दिवा किती झुकवायचा ते असं ठरवा: जांभ्याच्या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) ५ मीटरवर सायकल उभी करा. दिवा १ मीटर उंच असेल, तर झोताचा मध्य गडग्यावर जमिनीपासून ५० सेंमीवर पडावा. म्हणजे रस्त्यावर तो १० मीटरवर टेकतो. खड्ड्यांत दिवा हँडलला धरणारा क्लॅम्प फिरतो, म्हणून आत जुन्या ट्यूबची पट्टी घाला.