‘नव्या कायद्याने पगार घटणार, तीन दिवस सुट्टी मिळणार’: त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या, तेव्हापासून एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आता बेसिक पगार ५० टक्के करावाच लागेल, त्यामुळे पीएफ वाढून हातात येणारा पगार कमी होईल, आठवड्यात चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी हा हक्क झाला, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) एका वर्षात सगळ्यांना मिळणार, राजीनामा दिल्यावर दोन दिवसांत सगळा हिशोब चुकता होणार, आणि डिलिव्हरीवाल्यांनाही पीएफ लागू झाला. सहाही दाव्यांत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच ते इतके खपतात.

‘बेसिक ५० टक्के करावंच लागेल.’

चारपैकी एक असलेल्या वेतन संहितेत बेसिकबद्दल अशी सक्ती कुठेच नाही. तिथे व्याख्या आहे ती ‘वेतना’ची. बेसिक, महागाई भत्ता वगैरे वेतनात धरायचे. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस, मालकाचा पीएफमधला वाटा अशा ठरावीक बाबी वगळायच्या. वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा. ५० टक्के एवढ्यापुरतेच.

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ते असे की वगळायच्या यादीत ‘स्पेशल अलाउन्स’ नाही. आणि आपल्याकडच्या पगाराच्या चिठ्ठ्यांमध्ये सगळा फुगवटा तिथेच असतो. समजा महिना ६०,००० रुपये आहेत: बेसिक १८,०००, घरभाडे ९,०००, वाहतूक ५,०००, स्पेशल अलाउन्स २८,०००. वगळलेले १४,०००, म्हणजे निम्म्याच्या खूप आत. वेतन धरायचे ते ४६,०००. बेसिकला हात न लावताही चालते.

‘पीएफ वाढेल, हातात कमी येईल.’

पीएफची सक्ती १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत, म्हणजे कामगाराची कपात १,८००. त्याहून जास्त वेतनावर भरणे ऐच्छिक. वरच्या उदाहरणात कंपनी १,८००च कापत असेल, तर वेतन ४६,००० धरले तरी १,८००च कापले जातील. श्रम मंत्रालयानेही डिसेंबर २०२५ मध्ये हेच स्पष्ट केले.

कात्री लागते ती खालच्या पगारांना. एकूण २४,००० घ्या: बेसिक ११,०००, घरभाडे ५,५००, स्पेशल अलाउन्स ७,५००. आजवर पीएफ फक्त बेसिकवर, म्हणजे १,३२०. आता वेतन १८,५०० होते, मर्यादा १५,००० ची, म्हणून कपात १,८००. हातात ४८० रुपये कमी, खात्यात ४८० जास्त, वर मालकाचेही ४८०. मालकाने आपले ४८० सीटीसीतूनच (कंपनी कर्मचाऱ्यावर करते त्या ठरलेल्या एकूण खर्चातूनच) वळते केले, तर मात्र कामगाराचा खिसा ९६० रुपयांनी हलका होतो. पगारवाटपाचे नवे पत्रक आले की हीच ओळ आधी बघावी. आणि हे सगळे नव्या कायद्याच्या माथी मारणाऱ्यांना एक आठवण: सरसकट सगळ्यांना दिला जाणारा स्पेशल अलाउन्स पीएफसाठी धरायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ लाच दिला होता. अनेक आस्थापनांनी तो कानाआड केला, एवढेच.

जास्त पगारवाल्यांच्या हातातले पैसे कमी होऊ शकतात ते ग्रॅच्युइटीमुळे, आणि मेसेजमध्ये नेमका या कारणाचा पत्ता नाही. बऱ्याच कंपन्या सीटीसीत ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवतात. १८,००० वर ते ८६६ रुपये होतात, ४६,००० वर २,२१३. सीटीसी तेवढीच ठेवायची म्हटले तर महिन्याला १,३४७ रुपये इकडून तिकडे गेले. उलट बाजूही बघा. ग्रॅच्युइटीचे सूत्र शेवटचे वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षे. दहा वर्षांचे १८,००० वर १,०३,८४६ होतात, ४६,००० वर २,६५,३८५. गाळलेली बाब अशी दुप्पट-अडीचपट फरकाची आहे.

‘ग्रॅच्युइटी एका वर्षात सगळ्यांना.’

सगळ्यांना नाही. कायम नोकरीत पाच वर्षांची अट तशीच आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ती लागू होत नाही, हे पूर्वीही होते. एका वर्षाची सवलत आहे ती निश्चित मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना, तीही काम केलेल्या काळाच्या प्रमाणात. इथे घोळ होतो तो ‘कंत्राटी’ या शब्दाने. ठेकेदारामार्फत लागलेला माणूस निश्चित मुदतीचा कर्मचारी ठरत नाही. नेमणूकपत्र काढून दोन गोष्टी बघायच्या: खाली सही कंपनीची आहे की ठेकेदाराची, आणि सुरुवातीसोबत शेवटची तारीख लिहिलीय का. नेमणूकपत्रच हातात नसेल तर आधी ते मागा. नव्या संहितेनुसार ते देणे बंधनकारक आहे.

‘चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी.’

असा हक्क कोणालाही मिळालेला नाही. आठवड्याची मर्यादा ४८ तासांची. ते चार दिवसांत बसवायचे तर रोज १२ तास, आणि तेही मालक-कामगार दोघांच्या संमतीने. संहितेत दिवसाचे काम आठ तासांचेच धरलेय, त्यावरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. सुट्टीच्या स्वप्नापेक्षा महाराष्ट्रातल्या कामगाराने लक्ष ठेवायचे ते रोजच्या १२ तासांवर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दिवसाचे तास ९ वरून १२ आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. पाच दिवस रोज १२ तास राबवले तर फक्त आठवड्याच्या ४८ तासांवरचे मोजले तरी आठवड्याला १२ तास ओव्हरटाइम होतो, तेरा आठवड्यांत १५६. म्हणजे वाढवलेली मर्यादाही मोडली. पंचिंगची नोंद स्वतःकडे ठेवली नसेल तर हे सिद्ध करता येत नाही. व्यवस्थापक आणि १८,००० च्या वर वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत नाहीत, त्यांना या तासांचा आधार घेता येत नाही.

‘डिलिव्हरीवाल्यांना पीएफ.’

पीएफ खाते उघडत नाही. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवून. निधीतून योजना येतील, खात्यावर दरमहा जमा होणारे काही नाही.

‘दोन दिवसांत सगळा हिशोब.’

दोन कामकाजाचे दिवस खरे आहेत, आणि आता राजीनामा देणाऱ्यालाही. पण ते वेतनापुरते. ग्रॅच्युइटीला ३० दिवस, पीएफचा मार्ग वेगळा, आणि नोटिस पीरियड रद्द झालेला नाही. पैसे अडकतात ते बहुधा ‘नो ड्यूज’ च्या, म्हणजे कंपनीचे काही येणे बाकी नाही अशा कागदावर. राजीनाम्याच्या ईमेलमध्ये कामाचा शेवटचा दिवस तारखेसह लिहा, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या. तरीही वेतन अडले तर दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.