फरशीवर तेल, आणि दोष कामगाराचा?

‘पाय घसरून पडला, लक्ष नव्हते’ असं अपघात रजिस्टरमध्ये लिहिलं की चौकशी संपली, ही पद्धत बंद व्हायला हवी. फरशीवर काय सांडलं होतं आणि ते कुठून आलं, ते लिहा: ‘मशिनच्या दाराचं रबर फाटलेलं, कूलंट (धातू कापताना गार ठेवणारं द्रव) वाटेवर.’ म्हणजे निदान रबर तरी बदललं जाईल. 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 32 हेच सांगत होतं की फरशी, जिने, वाटा निसरड्या राहता कामा नयेत, वाटेत अडथळा नको.

सीएनसी शॉपमधलं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनच्या विभागातलं, कूलंट म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात साधारण 5 ते 10 टक्के तेल. पाणी उडून जातं, तेलाचा पातळ थर राहतो. नजरेला तो दिसत नाही. टाच टेकली की पाय पुढे सटकतो आणि माणूस मागे आपटतो. मार कंबरेला, कोपराला, डोक्याच्या मागे.

त्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे लाकडाचा भुसा. टाकून लगेच उचलला तर ठीक. दिवसभर तसाच ठेवला की त्याचाच चिखल होतो, वर आगीची भीती. ओला पोचा तर मारूच नका, इथलं तेल तिथे पसरतं. आधी तेल कोरडं टिपून घ्या. मग डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं रसायन, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. तो काही मिनिटं मुरू द्या, कडक ब्रशने घासा, मळकं पाणी वायपरने ओढा, साध्या पाण्याने धुवा आणि वाळेपर्यंत वाट बंद ठेवा. उत्पादनाच्या घाईत नेमकी मुरण्याची मिनिटं खाल्ली जातात, म्हणून धुतलेली फरशीही निसरडीच राहते.

अडखळण्याचं गणित वेगळं. चालताना पाय जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. फोर्कलिफ्टखाली वाकलेल्या चेकर प्लेटचा (फरशीवर बसवलेल्या खरबरीत नक्षीच्या पत्र्याचा) कोपरा 10 मिमी वर आला तरी पुरतो, त्यात हातात क्रेट असला की खालचं दिसतच नाही. तो कोपरा पिवळा रंगवून भागत नाही, प्लेट बदला. एअर होस (दाबाच्या हवेची नळी) वाटेतून नको, वरून आणा.

बुटांच्या सोलच्या खाचा ग्रीस आणि चिप्सने (धातूच्या किसाने) भरल्या की नवा बूटही घसरतो. शिफ्ट संपताना ब्रश फिरवा. आणि फरशी पुसणारा कंत्राटी हेल्पर अनेक ठिकाणी चपलेवर काम करतो, याची खरंच चीड येते. सगळ्यात जास्त वेळ तेलात तोच उभा असतो. पहिल्याच दिवशी त्याला त्याच्या मापाचे बूट द्या.