पाणी सुटलं!

प्रवासात माणसाचा हिशेब सुटतो. रस्त्याच्या कडेला सपाट डब्यांत बेऱ्या मांडलेल्या दिसल्या की 'एखादा डबा घेऊ' म्हणत उतरलेला माणूस चार डबे घेऊन गाडीत बसतो. लाल स्ट्रॉबेरी, काळीशार ब्लॅकबेरी, निळ्यावर पांढुरकी झाक असलेली ब्लूबेरी. तोंडाला पाणी सुटतं. घरी पोचेपर्यंत बेऱ्यांनाही सुटतं, आणि इथून पुढचा सगळा छळ या दुसऱ्या पाण्याचा आहे.

त्यात घरात कुणाला सीलिअ‍ॅकचा त्रास असेल, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनचा कणही चालत नसेल, तर प्रकरण दुहेरी होतं. एकीकडे फळ, जे बहुतांशी पाणीच. दुसरीकडे बिनग्लुटेनचं पीठ, ज्याला ते पाणी धरून ठेवता येत नाही. या दोघांचा संसार ओव्हनमध्ये थाटून द्यायचा आणि वर केक लुसलुशीत झाला पाहिजे म्हणायचं!

आधी बेऱ्यांची वाहतूक. स्ट्रॉबेरी आणि रासबेरी झाडावरून तोडली की पिकायची थांबते. केळ्यासारखी दोन दिवस ठेवून पिकवू म्हटलं तर ती पिकत नाही, नुसती मऊ पडते. म्हणजे घेतानाच पिकलेली घ्यायची, आणि पिकलेली घेतली की घड्याळ सुरू. डबा उथळ हवा, फार तर दोन थर, मध्ये टिपकागद. खोल पिशवीत भरल्या तर वरच्या बेऱ्या घरी येतात आणि खालच्यांचा जॅम येतो. गाडीची डिकी उन्हात तापते, म्हणून डबे आत, पायाशी, गार जागी. विमानाने येणार असाल तर आधी नियम बघा. कितीतरी देशांत बाहेरचं ताजं फळ आत नेता येत नाही, आणि विमानतळाच्या बाकड्यावर बसून दीड किलो ब्लॅकबेरी संपवणं हा काही प्रवासवर्णनात लिहायचा प्रसंग नव्हे.

घरी आल्यावर पहिली ऊर्मी असते धुवायची. ती आवरा. ओल राहिली की करड्या बुरशीला आमंत्रणच. ब्लूबेरीवरची ती पांढुरकी झाक म्हणजे धूळ नसते, फळाचं स्वतःचं मेण असतं. ते फळातली ओल टिकवतं, आणि स्वच्छतेच्या भरात आपण नेमकं तेच घासून काढतो. वापरायच्या दिवशीच धुवायचं. बुरशीची फारच धास्ती असेल तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, दोन-तीन मिनिटं. मग साध्या पाण्यातून काढून कापडावर पूर्ण कोरडं करायचं. 'पूर्ण' या शब्दावर माझा जोर आहे. एखादी बुरसलेली दिसली तर ती लगेच बाहेर काढायची. शेजार वाईट असला की काय होतं हे बेऱ्यांइतक्या झटपट कुणी दाखवून देत नाही.

आता पिठाकडे. ग्लुटेन नावाचा पदार्थ असताना त्याची आठवणही कुणाला होत नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली दोन प्रथिनं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, एकमेकांना धरून ताणलं जाणारं जाळं विणतात. ते जाळं हवा अडवतं, ओल सावरतं, केकला उभं ठेवतं. लग्नघरात एक काका असतात ना, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण आचारी, मांडव, पाहुण्यांच्या गाद्या सगळं त्यांच्यामुळे चाललेलं असतं? ते काका आले नाहीत की एकाऐवजी पाच माणसं कामाला लावावी लागतात, तरी एक गादी कमी पडतेच. ग्लुटेन-फ्री बेकिंग म्हणजे त्या पाच माणसांची नेमणूक.

माझं नेहमीचं मिश्रण असं: तांदळाचं अगदी बारीक पीठ ३०० ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर १५० ग्रॅम, टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो) स्टार्च ५० ग्रॅम. इथे कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढराशुभ्र, बोटांत चुरचुरणारा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. ही अदलाबदल एकदा झाली की केक होत नाही, पेव्हर ब्लॉक होतो. मोजमाप वजनकाट्यावरच. वाटीने मोजाल तर तांदळाचं पीठ दाबून भरलं जातं, स्टार्च भुरभुरतो, आणि प्रत्येक वाटी वेगळंच काही सांगते.

जाळ्याच्या जागी काय? १५० ग्रॅम मिश्रणाला झँथन गम अर्धा चहाचा चमचा. जिवाणूंकडून आंबवून घेतलेला हा डिंक आहे, हे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही. जास्त पडला तर केक दातांखाली बुळबुळीत लागतो. झँथन नको असेल तर इसबगोल. होय, तेच. त्याची भुकटी पाणी शोषून छान जेल तयार करते आणि केकला धरून ठेवते. डबा मात्र ओट्यावर ठेवू नका. आलेल्या माणसाची नजर एकदा डब्याकडे, एकदा केककडे जाते आणि तो 'मला अगदी छोटा तुकडा' म्हणतो.

तांदळाच्या पिठाचा आणखी एक स्वभाव आहे: ते पाणी सावकाश पितं. मिश्रण कालवून लगेच ओव्हनमध्ये सारलं तर कण आतून कोरडेच राहतात आणि केक रवाळ, खरखरीत लागतो. अर्धा तास झाकून ठेवलं तर कण फुगतात, मिश्रणही दाटतं. आमच्या घरात हा अर्धा तास सगळ्यात अवघड, कारण ओव्हन तापलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन 'अजून आत नाही टाकला?' विचारतं.

केकसाठी मी मुळात निम्म्याहून अधिक भार बदामाच्या पुडीवर टाकते. १५० ग्रॅम बदामाची पूड, ७५ ग्रॅम वरचं मिश्रण, त्यात पाव चहाचा चमचा झँथन, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. तीन अंडी, १२० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम वितळवलेलं लोणी, १०० ग्रॅम घट्ट दही, लिंबाची किसलेली साल. २० सेंटिमीटरचं भांडं, १७० अंश, ४५ ते ५० मिनिटं. आणि बेऱ्या १५० ग्रॅम. बस्स. हात सैल सोडायचा मोह इथेच होतो, पण स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १५० ग्रॅम स्ट्रॉबेरी घातली म्हणजे सुमारे १३५ ग्रॅम पाणी ओतलं. तुम्ही केकमध्ये पेलाभर पाणी ओताल का? तेच करताय, फक्त लाल रंगात.

याच पाण्यामुळे बेरीभोवती केक कच्चा, गिच्च राहतो. उपाय: स्ट्रॉबेरीचे मोठे तुकडे करून, वर साखर भुरभुरवून अर्धा तास चाळणीत ठेवायचे. पाणी सुटतं. ते खालच्या भांड्यात जमलं की आटवून पाक करायचा आणि केक झाल्यावर वरून घालायचा. रासबेरीला यातलं काही करू नका. तिला नुसतं रोखून पाहिलं तरी ती विरघळते.

बेऱ्या तळाशी बसतात, यावर 'पिठात घोळवून घाला' हा सल्ला सगळीकडे मिळतो. थोडा उपयोग होतो. खरा उपयोग मिश्रण दाट असण्याचा. मी एक तृतीयांश मिश्रण बेऱ्यांशिवाय तळाला पसरते, उरलेल्यात निम्म्या बेऱ्या, आणि बाकीच्या वीस मिनिटं भाजून झाल्यावर वरून. आणि घोळवायचंच असेल तर कॉर्नफ्लोअरमध्ये. सवयीचा हात मैद्याच्या डब्याकडे जातो, आणि तासभराच्या तपश्चर्येवर शेवटच्या चमच्याला मैदा पडतो.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कोडेक्स, म्हणजे खाद्यपदार्थांची जागतिक मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मानकात ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन. मैद्याची चिमूट पडली की ही मर्यादा गेलीच. म्हणून चाळणी वेगळी, लाकडी चमचा आणि लाटणं वेगळं. जाळीत आणि लाकडाच्या भेगांत अडकलेलं पीठ धुऊनही निघत नाही. बेकिंग पावडरचं वेष्टन वाचायचं, कारण तिच्यात घातलेला स्टार्च क्वचित गव्हाचाही असतो. ओट घ्यायचे तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच, आणि तेही खाणाऱ्याला चालतात का हे विचारून. आणि त्याच दिवशी त्याच ओट्यावर पोळ्यांची कणीक मळायची नाही. उडालेलं पीठ कुठे जाऊन बसेल त्याचा नेम नसतो.

मग रंगाचं नाटक. ब्लूबेरीचा केक कापला आणि प्रत्येक बेरीभोवती हिरवं वलय दिसलं तर बुरशी समजून ओरडू नका. बेरीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटात लाल होतं, अल्कलीत निळं-हिरवं. सोडा जास्त पडला की ते गुपचूप सगळ्यांना सांगून टाकतं. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातली, दही-लिंबू असलं आणि बेऱ्या फार ढवळल्या नाहीत, तर बहुतेक अब्रू वाचते. फ्रीझरमधल्या बेऱ्या असतील तर वितळू न देता थेट घालायच्या आणि पाच-दहा मिनिटं जास्त भाजायचं. वितळवून घातल्या तर सगळा केक जांभळट-राखाडी, पावसाळी आभाळासारखा.

झाला का हे बघायला काडी खुपसायची, तर काडी बेरीत घुसते आणि ओलीच येते. तापमापक असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश. बाहेर काढल्यावर भांड्यात पंधरा मिनिटं. गरम असताना हा केक भलताच नाजूक असतो, उचलला की मधून दुभंगतो. पण तासभर भांड्यातच विसरलात तर वाफेने बूड ओलं होतं. आणि कापायचा पूर्ण गार झाल्यावरच, कारण आतला स्टार्च गार होताना घट्ट बसतो. गरम कापला की सुरीला अर्धा केक चिकटून येतो.

जाता जाता एक वनस्पतिशास्त्रीय चावटपणा. शास्त्राच्या हिशेबात स्ट्रॉबेरी आणि रासबेरी या बेऱ्याच नव्हेत. केळं, टोमॅटो आणि वांगं मात्र आहेत. गंमत म्हणजे १९२४ साली सिडनी हास या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी सीलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांचा आहार दिला आणि मुलं सुधारली. त्या आहारात पाव नव्हता, म्हणून ती सुधारली; श्रेय मिळालं केळ्याला. खरा आरोपी गहू, हे नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं. मधली सव्वीस वर्षं एका बेरीने फुकटचं नाव कमावलं.

एवढं सगळं वाचून धीर खचला असेल तर क्रंबल करा. ग्लुटेन नसल्याचं दुःख न होणारा हा पदार्थ. त्याला भगराळच व्हायचं असतं. ५०० ग्रॅम मिश्र बेऱ्या, ८० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा लिंबाचा रस, थेट भांड्यात कालवायचं. वर १०० ग्रॅम बदामाची पूड, ८० ग्रॅम तांदळाचं पीठ, ७० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळून केलेला चुरा. १८० अंश, ४० मिनिटं. फक्त एक लक्षात ठेवायचं: कडेला बुडबुडे आले म्हणून काढायचं नाही. मधोमध दाट, आळसावलेले बुडबुडे फुटले पाहिजेत. त्याआधी स्टार्च नीट शिजलेला नसतो आणि वाढताना खाली सार निघतं. मग निदान अर्धा तास थांबायचं.

टार्टचं पीठही बरं वागतं. ग्लुटेन नाही म्हणून ते ताठर होत नाही, भाजताना फारसं आक्रसतही नाही. बटर पेपरच्या दोन तावांमध्ये लाटायचं, तडकलं की अंगठ्याने सांधायचं. पाव्हलोवाला, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेसोबत फेसून भाजलेल्या गोडाला, तर मुळात पीठ लागतच नाही, पण दमट दिवशी तिला घाम फुटतो. तो दिवस टाळा.

आणि केक फसलाच तर? तुकडे करून काचेच्या ग्लासांत भरायचे, मध्ये फेटलेलं क्रीम, चाळणीखालचा तो आटवलेला पाक, वर दोन धडधाकट बेऱ्या. 'याला काय म्हणतात?' असं कुणीतरी विचारतंच. फ्रेंच वाटेल असं काहीही नाव तयार ठेवायचं, आणि हिरवं वलय असलेला तुकडा नेमका आपल्याच ग्लासात येईल एवढं बघायचं.