आत्याला विचारू नका

प्लॉट आवडला की आधी पेढे आणा. कागद काय, नंतरही बघता येतात. प्लॉट मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत हातचा जातो, असं एजंट म्हणालाय. तो आणखी एक गोष्ट म्हणालाय : "टायटल एकदम क्लिअर आहे, साहेब." हे वाक्य नीट जपून ठेवा. तुमच्या मालकीचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा, कारण त्याला स्टॅम्प ड्युटीसुद्धा लागत नाही.

तरीही कोणी भोचक मेव्हणा "कागद बघितलेस का?" म्हणालाच, तर सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. साठ लाखांच्या व्यवहारात पंधरा रुपये खर्च केले की कर्तव्य पार पडतं. सातबारा म्हणजे मुळात महसुलाची नोंद, सरकारनं सारा कोणाकडून घ्यायचा त्याची वही, असं वकील सांगतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ दाखवतील : नोंद खरी धरायची, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. तुम्ही "खरी धरायची" इथपर्यंतच ऐका.

उतारा वाचण्याचीही पद्धत आहे. विक्रेत्याचं नाव दिसलं, क्षेत्र दिसलं, मोबाइल खिशात. उजवीकडे 'इतर हक्क' असा रकाना असतो, तिकडे वळू नका. नावातच आहे ना, इतर! सोसायटीच्या कर्जाचा बोजा, शेजाऱ्याचा विहिरीतला वाटा, बांधावरची वहिवाट, कोर्टातला दावा, हे सगळं इतरांचं. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसणं आपल्या संस्कारात बसत नाही.

वर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलं असेल तर दुसरा वर्गही वाईट नसतो, एवढंच मनाशी म्हणा. कूळ कायद्याच्या 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असेल तर 'पात्र' या शब्दाचा आनंद घ्या. २०१४ च्या दुरुस्तीनं अशा जमिनीच्या विक्रीची वाट बरीच सोपी केली : कुळाला खरेदी मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विकता येतं. आकार बहुतेकदा इतका किरकोळ, की त्याच्या चाळीस पटीत चारचौघांचं हॉटेलचं बिल भागेल की नाही शंका. तेवढे भरलेत का, हे विचारून विक्रेत्याला अवघडवू नका. जमीन देवस्थान इनाम असेल तर फारच उत्तम. खुद्द देवाची जमीन पुजारी विकतोय, याहून शुभ मुहूर्त कोणता?

आता फेरफार, म्हणजे जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर वर्तुळात छोटे आकडे दिसतात, ते रांगोळीचे ठिपके नव्हेत, पण तसे समजून सोडून द्या. ते जुने फेरफार एकेक करून काढत गेलं, की माणूस मागे मागे जाऊन थेट कोणाच्या तरी आजोबांच्या तेराव्याला पोहोचतो. आजोबा वारले, वारसनोंद झाली. मुलगे वर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात. मुली खाली, इतर हक्कात. पुढे थोरल्याच्या नावापुढे 'एकुमॅ' लागलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटा अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेला, म्हणून त्याच्यापुढे 'अपाक', अज्ञान पालन कर्ता. मग मॅनेजरच कालांतरानं मालक वाटायला लागला. आधी गावाला, मग स्वतःला.

आणि त्या मुलींतली एक, विक्रेत्याची आत्या? ती सासरी. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच सहदायकी हक्क दिला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं येतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही. हे सगळं मुंबई-दिल्लीत झालं. तुमच्या विक्रेत्याचं म्हणणं सरळ आहे : "आत्याचं काही नाही हो, तिनं केव्हाच सोडलंय." हक्कसोडपत्र कुठंय, असं विचारायचा मोह होईल, आवरा. त्याची नोंदणी लागते वगैरे तपशील आहेत. भावांनी तिला दर भाऊबीजेला साडी दिलेली आहे. साड्यांची सूची २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत, नोंद होत नाही, हा निबंधक कार्यालयाचा दोष.

बँकेनं अडवलं म्हणून सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने दस्त शोधून वकिलानं दिलेला अहवाल, घ्यावाच लागला, तर तीस वर्षांचा घ्या आणि फक्त शेवटची ओळ वाचा. मधे 'अमुक सालाच्या सूचीची पानं फाटलेली', 'पुस्तक बांधणीस गेलेलं' असे शेरे असतात. गोंधळ नेमका त्याच सालात का असावा, असली शंका पोलिसांनी घ्यायची. 'वरील बाबींस अधीन राहून' हे शब्द वकिलाला लिहावेच लागतात, जसे आपण पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितो. जाहीर नोटीसही द्या : चौदा दिवसांची मुदत, आणि आत्याच्या गावी न जाणाऱ्या पेपरात.

जागेवर जाऊन कोण नांगरतंय हे मात्र बघू नका. बघितलंच तर तो गडी आहे असं समजा. मोजणी म्हणजे शेजाऱ्याशी उगाच वैर. चतुःसीमेत 'पूर्वेस : ओढा' लिहिलंय, आणि ओढा काही पळून जात नाही. विक्रेत्याऐवजी कुलमुखत्यार आला तर मूळ मालक हयात आहे का, असं अभद्र कशाला विचारायचं? माणूस गेला की मुखत्यारपत्रही सहसा त्याच्याबरोबरच जातं, पण शुभकार्यात मरणाचं नाव नको.

मग खरेदीखत. अंगठे, फोटो, मुद्रांक, पावती. नोंदणी होते ती दस्ताची. विकणारा खरंच मालक होता का, हे ठरवणं त्या टेबलाचं काम नव्हे. पण पावतीवर तुमचं नाव छापून आलं की डोळे भरून येतातच. पेढे इथे वाटा.

कुंपण घालून होईल. भूमिपूजनाच्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबेल, नऊवारीतली म्हातारी उतरेल, मागून फाइल घेऊन तिचा नातू. ती आधी जागेला नमस्कार करील, मग तुम्हाला विचारील, "आमच्या दादांची ती विहीर कुठाय हो?" तिला खुर्ची द्या, पाणी द्या. पेढा उरला असेल तर तोही द्या. अर्धा तर तिचाच आहे.